मे महिन्यातली शाल



घाटघरच्या पावसात कुडकुडणं आपल्याला नवं नाही. नाणेघाटातून वारा सुटला की गोधडीबाहेर पाय काढवत नसे. पण गेल्या मे महिन्यात मी गावी आले, तेव्हा सगळे अंगणात वारा घेत होते आणि मी शाल पांघरून बसले होते.

आपल्याच वर्गातली एक मैत्रीण भेटायला आली. ती आता नर्स आहे. बारा वर्षांनी भेटत होतो. म्हणाली, “अगं, तुझा आवाज असा घोगरा कधीपासून झाला?” मग नाडी पाहिली. मिनिटाला ५२. “थायरॉईड तपासलंस का?”

माझ्याकडे प्रत्येक तक्रारीला कारण तयार होतं. थकवा? रात्रीच्या मीटिंगा. वजन? बैठं काम. केसगळती? बोअरचं पाणी. पाळीचा त्रास? चाळिशी. पाच बिघाडांचं मूळ एकच असू शकतं, हे मी ऑफिसात रोज सांगते; स्वतःबाबत सुचलं नाही.

रिपोर्टात टीएसएच वाढलेला. मला वाटलं, थायरॉईड जास्त झालं! डॉक्टरांनी समजावलं: टीएसएच ही मेंदूजवळच्या पीयूष ग्रंथीची हाक. थायरॉईड कमी काम करू लागलं की हाक मोठी होते. म्हणून टीएसएच जास्त आणि टी-फोर कमी. आता रोज उपाशीपोटी एक गोळी, चहा त्यानंतर तासाभराने.

हा आजार घराण्यात असू शकतो, म्हणून आईचंही रक्त तपासलं. तिलाही तेच निघालं. कित्येक वर्षं ती “आता होत नाही गं” म्हणायची आणि आम्ही “वय झालं” म्हणून सोडून द्यायचो. ते मला अजून टोचतं.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईसह आठ शहरांच्या पाहणीत दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला हा त्रास आढळला. तो इतका हळू येतो की रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. वर्षांनी भेटणाऱ्याला दिसतो.

आज आपण तसेच भेटतो आहोत. सुटलेल्या पोटाची चेष्टा जरूर करा. पण कुणी सारखं दमलेलं, चेहरा सुजलेलं, सगळ्यांना उकडताना गारठलेलं दिसलं, तर आधी तपासणीचं विचारा. दर वेळी थायरॉईडच निघेल असं नाही. रक्त कमी असेल, आणखी काही असेल. पण कळेल तरी.

ती मैत्रीण आज समोरच बसली आहे. “माझं नाव घेऊ नकोस,” असं तिने बजावलंय. म्हणून नुसतंच म्हणते, बाई, त्या दिवशी आलीस, बरं झालं.