विणेकरीबाबांचा शेवट : आम्ही पाहिला तसा
(शताब्दी वर्षाच्या वारीत वेळापूर मुक्कामी केलेले बोलणे)

माउलींनो, पहाटे उठायचंय, पाय सगळ्यांचेच दुखतायत, म्हणून फार वेळ घेत नाही. पण विणेकरीबाबा कसे गेले यावर गावोगाव उलटसुलट बोललं गेलं. आम्ही उशाशी बसलेली माणसं. जे पाहिलं ते सांगणं आमच्याकडे लागतं.

बाबांनी 26 वर्षे दिंडीत वीणा गळ्यात घेतली. एका वारीत दिवे घाट चढताना त्यांचं बोट तारेवर चालेना. आम्हाला वाटलं, वय झालं. वर्षभरात हाताचं मांस उतरलं, चप्पल पायातून निसटू लागली, बोलणं जड झालं. मग मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरतात आणि स्नायू वाळत जातात. औषधानं वेग थोडा कमी होतो, आजार जात नाही. हा आजार शिवून होत नाही आणि कुणाच्या पापाचं फळ नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्या घरचा चहा काहींनी बंद केला होता.

पण बाबांना खरं पोखरलं ते एका वाक्यानं. एका दवाखान्यात कुणीतरी उभ्या उभ्या म्हणून गेलं, "शेवटी जीव गुदमरून तडफडतात." त्या दिवसापासून बाबा रात्री दिवा मालवू देईनात. डोळा लागला की दचकून उठायचे. आम्ही पाळी लावून बसायचो, पण धीर काय देणार? आम्हीच घाबरलेलो. आपण वारकरी कीर्तनात मरणावर तासभर बोलतो, आणि खाटेवरचा माणूस ऐकतोय म्हटलं की पावसापाण्याचा विषय काढतो.

शेवटी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या, डॉक्टरबाई घरी आल्या. खाटेवर टेकल्या आणि आमच्याशी नव्हे, बाबांशी बोलल्या. म्हणाल्या, "बाबा, श्वासाचे स्नायू दमले की अंगातला कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो साठला की गुंगी येते. झोप वाढत जाते, आणि बहुतेकांचा श्वास त्या झोपेतच उथळ होत थांबतो." जर्मनी आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा दीडशेहून जास्त रुग्णांचा शेवट कसा झाला ते तपासून 2001 साली छापलं होतं. बहुतेक सगळे शांतपणे गेले होते, गुदमरून गेलेला एकही नव्हता, असंही त्यांनी सांगितलं.

बाबांची वाचा गेली होती, पण डोळे आणि बुद्धी शाबूत. नातीनं पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली होती. आपण बोट फिरवायचं, बरोबर अक्षरावर ते डोळे मिटायचे. त्यांनी विचारलं, "ठसका?" बाई म्हणाल्या, "ठसका घाबरवतो, पण सहसा नेत नाही. ताठ बसवायचं, मान थोडी पुढे. लाळ कमी करायला औषध आहे, ओढून घ्यायला यंत्र आहे." मॉर्फिनचं नाव निघालं तेव्हा आम्ही चपापलोच. मारायचं औषध, हीच आमची समजूत. तर अगदी थोड्या मात्रेत ते धाप आणि घाबरणं कमी करतं. बेतानं दिलं तर मरण ओढून आणत नाही.

त्या रात्री बाबांनी दिवा मालवायला सांगितला.

पुढचं सगळं सोपं गेलं म्हटलं तर खोटं होईल. एका रात्री ठसका असा लागला की आमचे हातपाय गळाले, औषधाची बाटली सापडेना. आणि घरात वादही झाला. रात्री तोंडावर लावायचं श्वासाचं यंत्र बाबांनी घेतलं, पण गळ्याला भोक पाडून कायमचं मशीन नको म्हणाले. मुलाला वाटलं, आपण बापाला सोडून देतोय. चार दिवस तो कुणाशी बोलला नाही. अशी इच्छा शुद्धीत असताना लिहून ठेवता येते, 2018 साली सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलंय. बाबांनी तक्त्यावर एकेक अक्षर दाखवत लिहवून घेतलं, अर्धा दिवस लागला. लिहायला मुलालाच बसवलं.

शेवटच्या आठवड्यात सकाळी डोकं जड असायचं, दिवसाही झोप. मंगळवारी दुपारी मुलगा त्यांची नखं काढत होता. श्वास एकदा थांबला, पुन्हा आला. दुसऱ्यांदा थांबला, आला. मग आला नाही. धडपड नाही, कपाळावर आठी नाही. मुलगा बोट हातात धरून तसाच बसून होता. आम्हालाच कळायला वेळ लागला.

कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर आज रात्री आमच्या तंबूत या, तिसरी राहुटी. डॉक्टरबाईंनी शिकवलेलं सगळं सांगू. अक्षरांचा तक्ताही बरोबर आणलाय. कडा फाटल्यात, पण अक्षरं दिसतात. लागेल त्यानं न्यावा.