आपल्या पोरापोरींसाठी एक खोली

(सोनगीर येथे विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी याच गावचा. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पडणारे ठोके ऐकत दहावी झालो, धुळ्याला बारावी केली आणि इंजिनीअरिंगला मोठ्या शहरात गेलो. पहिल्या वर्षी तीन गोष्टींचा त्रास झाला. इंग्रजी, मेसचं जेवण आणि एकटेपणा. पहिल्या दोन सहा महिन्यांत सुटल्या, तिसरी चार वर्षं टिकली. भाड्याची खोली पाहायला गेलो की नाव सांगेपर्यंत सगळं ठीक असायचं. नाव सांगितलं की खोली 'कालच गेली' असायची. जुम्म्याला मशिदीत जायचो, सलाम-दुआ व्हायची, पण 'बेटा, कसं चाललंय?' असं थांबून विचारणारं कुणी नव्हतं. घरी सांगायची लाज वाटायची.

नोकरी लागली तेव्हा शेजारच्या टेबलावर ठाण्याचा एक मुलगा होता. आडनाव 'कर'वर संपणारं, घरात मराठी. मी त्याला कोकणातला हिंदू समजत होतो. एकदा शनिवारी ऑफिसला येशील का विचारलं, तर म्हणाला, "शनिवारी नाही जमणार, आम्ही बेने इस्राएल." मी इंजिनीअर झालो होतो, पण महाराष्ट्रात मराठी बोलणारे ज्यू आहेत हे मला माहीत नव्हतं.

त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा समोर मलिद्याचं ताट आलं. पोहे, खोबरं, गोड आणि फळं. आपल्याकडे मलिदा नियाजेला होतो. त्यांच्याकडे तो पैगंबर एलियाहूंच्या नावानं करतात. आपण ज्यांना हजरत इलियास म्हणतो, तेच.

मी त्याला विचारलं, "तुम्ही इतके थोडे. कॉलेजात एकटं नाही वाटलं?" तो म्हणाला, "नाही रे. आमची खोली होती ना."

ही 'खोली' म्हणजे काय, तेच सांगायला मी आज आलोय.

मुंबईत एव्हलिन पीटर्स ज्यूइश कम्युनिटी सेंटर आहे. तिथे मुलं सण साजरे करतात, मोठी मुलं लहानांना शिकवतात, तरुणांचा वेगळा गट जमतो. माझा मित्र सतरा वर्षांचा असताना शिबिराच्या जेवणाचा हिशोब त्याच्याकडे होता. हिशोब चुकला. कुणी ओरडलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच दिला. तो म्हणतो, "मी मॅनेजर तिथे झालो, कंपनीत नाही."

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात ज्यू पाच हजारांच्या आत होते. महाराष्ट्रातले मुसलमान सुमारे एक कोटी तीस लाख. त्यांना आपल्या पोरांसाठी खोली सापडते, आपल्याला का सापडत नाही?

पैसा बाहेरून येतो, असं कुणी म्हणेल. परदेशातल्या ज्यू संस्थांची मदत आहे, खरं आहे. पण सवय जुनी आहे. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम सुरू झाली. पुढच्याच वर्षी हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या साथीदारांनी बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. तीच आज माझगावची सर एली कदूरी शाळा. रिबेका रूबेन या बाईंनी १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिला नंबर काढला आणि १९२२ पासून १९५० पर्यंत त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पुढे बरेच ज्यू इस्राएलला गेले, शाळा राहिली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत. म्हणजे त्यांनी बांधलेल्या वर्गांत आपली पोरं बसतात. हे आपल्याला माहीत तरी असावं.

अमेरिकेतली गोष्ट याहून सोपी आहे. १९२० च्या सुमारास ओमाहा शहरात हायस्कूलच्या मुलांच्या क्लबांत ज्यू पोरांना घेत नसत. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी मग स्वतःचा क्लब काढला. त्यातून आजची बीबीवायओ ही मोठी संघटना झाली. तिथे पदाधिकारी पोरंच निवडतात, मोठी माणसं फक्त सल्ला देतात. मुलींच्या शाखेला मात्र रीतसर मान्यता मिळायला १९४४ साल उजाडलं. ही चूक आपण करायची नाही.

कॉलेजांसाठी 'हिलेल' नावाची संस्था १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली. त्यासाठी धडपडणाऱ्यांत एक प्राध्यापक ज्यू नव्हते, ख्रिस्ती होते. आपल्या वर्गातल्या ज्यू पोरांना स्वतःच्याच वारशाची माहिती नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं. आणि गंमत अशी, की अमेरिकेतल्या मुस्लिम विद्यार्थ्यांची संघटना, एमएसए, १९६३ मध्ये सुरू झाली ती त्याच विद्यापीठात. घरापासून लांब आलेल्या पोराची गरज सारखीच असते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "भाई, गाझात लेकरं मरतायत आणि तुम्ही ज्यूंचं कौतुक करताय?"

प्रश्न रास्त आहे. ते फोटो बघून मलाही झोप लागत नाही, आणि त्या अन्यायाविरुद्ध बोललंच पाहिजे. पण ठाण्याच्या माणसाला गाझाचा जाब विचारायचा का? भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी आपल्याकडे कसं बघतात, आठवा. जे आपल्याला टोचतं, ते आपण दुसऱ्याला टोचायचं नाही.

आणि त्यांच्या खोल्यांतही सगळं गोड नाही. हिलेल इस्राएलची पाठराखण करते. त्यावरून त्यांच्याच पोरांनी भांडण केलंय. २०१३ मध्ये स्वार्थमोर कॉलेजच्या ज्यू विद्यार्थ्यांनी जाहीर केलं की इस्राएलवर टीका करणाऱ्यांनाही आम्ही बोलायला बोलावणार. वरून दबाव आला. २०१५ मध्ये त्यांनी 'हिलेल' हे नाव सोडून दिलं, पण म्हणणं सोडलं नाही. मला या गोष्टीचं मोल जास्त वाटतं. खोली देणाऱ्यालाही प्रश्न विचारता आला, तरच ती पोरांची खोली.

आपल्या गावात मशीद आहे, मदरसा आहे, लग्नाला हॉल मिळतो. पण सोळा वर्षांच्या पोराला बसायला काय आहे? पानटपरी आणि हायवेचा ढाबा. पोरीला तर तेही नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. दर रविवारी दोन तास, एक खोली. पहिल्या दिवसापासून पोरी बरोबरीनं. हिशोब पोरापोरींकडे, चुकला तरी त्यांच्याकडेच. दीनबद्दल, दुनियेबद्दल, घरातल्या त्रासाबद्दल, कुठलाही प्रश्न चालेल. शेजारच्या गल्लीतल्या हिंदू मित्रालाही दार उघडं. आपली खोली म्हणजे कोंडून घ्यायची जागा नाही.

आणि एक वही. इथून शिकायला जो बाहेर जाईल, त्याचं नाव आणि नंबर त्या वहीत. आधी गेलेल्यानं त्याला महिन्यातून एकदा फोन करायचा आणि विचारायचं, "कसं चाललंय?" मला हा फोन चार वर्षांत एकदाही आला नाही. या वर्षी पुण्याला, नाशिकला जाणाऱ्यांना तो यायला हवा. पहिला फोन मी करीन.

एका चाचांनी दुकानावरची खोली देतो म्हटलंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येत जाईन. किल्ली मी घेणार नाही, चाचाही ठेवणार नाहीत. ती कुणाकडे ठेवायची, ते आज चहा पिता पिता तुम्ही ठरवा.