रात्रीचं जिम आणि न येणारी झोप

झोप झाली का नीट? आज हा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारत नाहीये, कारण आजचा भाग त्याच्यावरच आहे.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. थोडक्यात सांगते. ऑफिसातून घरी यायला नऊ वाजतात. साडेनऊला जिम, अकराला जेवण, बाराला अंथरुणावर. आणि मग दोन-अडीचपर्यंत नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर. आई म्हणते, "रात्रीचं ते वजनं उचलणं बंद कर, पहाटे उठून पळायला जा, बघ कशी झोप लागते." त्याचा प्रश्न असा, की आई बरोबर आहे का?

आई अर्धी बरोबर आहे. ते अर्धं नेमकं कुठलं, ते बघू.

आधी एक गोष्ट. निद्रानाश म्हणजे झोपेला वेळ न देणं नव्हे. बारा ते दीड रील्स बघायचे आणि सकाळी म्हणायचं "मला निद्रानाश आहे", हे चालणार नाही. अंथरूण आहे, अंधार आहे, वेळ आहे, तरी झोप लागत नाही किंवा मध्येच मोडते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा त्रास होतो. असं आठवड्यातून किमान ३ रात्री, आणि ३ महिने चाललं, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात.

आता आईचा तर्क. झोप येण्याआधी शरीराचं आतलं तापमान हळूहळू उतरतं. दणकून व्यायाम केला की ते चढतं, हृदयाचे ठोके वाढतात, अंग जागं होतं. म्हणजे तर्कात तथ्य आहे. झुरिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये २३ अभ्यास एकत्र करून पाहिले. संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडते असं काही दिसलं नाही. अपवाद एकच निघाला, तो म्हणजे झोपायच्या तासाभर आधी संपणारा जोरकस व्यायाम. मग २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने मनगटी पट्टा वापरणाऱ्या १४ हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. त्यांच्या मते खूप दमवणारा व्यायाम झोपेच्या ४ तासांच्या आत आला, तर झोप उशिरा लागते आणि कमी होते. हलक्या व्यायामाचं तसं नाही.

एक म्हणतो एक तास, दुसरा म्हणतो चार. पण दोघांचंही बोट व्यायामाच्या जोराकडे आहे, हे लक्षात घ्या. आणि दुसरी गोष्ट, हे सगळे मुख्यतः धडधाकट लोक. ज्यांची झोपच रुसलेली आहे, त्यांचं काय?

त्यासाठी ब्राझीलला जावं लागतं. साओ पावलोमध्ये एका गटाने नेमका हाच प्रश्न घेतला. २०११ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात निद्रानाश असलेले, एरवी व्यायाम न करणारे १९ जण होते. आठवड्यातून ३ दिवस, ५० मिनिटं, मध्यम गतीचा व्यायाम, ६ महिने. काही जण सकाळी, बाकीचे दुपार उतरताना. सहा महिन्यांनी झोप लागायला सरासरी १७ मिनिटं लागत होती ती ९ वर आली, आणि मध्येच जाग येऊन वाया जाणारा वेळ ६३ मिनिटांवरून ४० वर. सकाळवाले आणि दुपारवाले यांच्यात? काही फरक नाही!

अर्थात १९ म्हणजे फार लोक नाहीत. आणि कोणी रात्री दहाला जिम करत नव्हतं, हेही खरं. पण याच गटाचा २०१० चा एक अभ्यास याला जोडून बघा. त्यात निद्रानाशाच्या ४८ रुग्णांना वेगवेगळे व्यायाम दिले होते. मध्यम गतीच्या ट्रेडमिलने त्याच रात्री झोप लवकर लागली. जोरदार पळणं आणि वजनं, यांनी तसा फायदा दिसला नाही. म्हणजे "किती वाजता" याच्याआधी "किती दमून" हे विचारायला हवं.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. प्रयोगशाळेतली एक रात्र वेगळी आणि घरातले चार महिने वेगळे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात निद्रानाश असलेल्या ११ स्त्रियांची १६ आठवडे रोजची नोंद ठेवली गेली. आज व्यायाम केला म्हणून आज रात्री झोप सुधारली, असं दिसलंच नाही. उलट दिसलं ते असं, की रात्री झोप लागायला वेळ लागला की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम आखडता. सोळा आठवडे टिकल्यावर मात्र झोप सुधारली.

म्हणजे खरा घोळ इथे आहे. आपण सोमवारी पळतो, सोमवारी रात्रीच निकाल मागतो. मंगळवारी पहाटे अंग जड, गजर बंद, बुधवारी "आपल्याला काही लागू पडत नाही". आईच्या सल्ल्याचं दुसरं अर्धं इथे अडतं. अडीचला डोळा लागलेल्या माणसाला पाचचा गजर लावायला सांगितलं, तर तो किती दिवस उठेल? निद्रानाश असलेल्याने व्यायामाची वेळ निवडताना एकच बघावं: वाईट रात्रीनंतरही जी टिकेल ती वेळ. भले ती दुपारी जेवल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने ऑफिसभोवती मारलेल्या फेऱ्यांची असो, नाहीतर घरी येताना दोन स्टॉप आधी उतरून चालण्याची.

एका प्रकारच्या लोकांसाठी मात्र सकाळच बरी. सुट्टीच्या दिवशी तुम्ही तीनला झोपून अकरापर्यंत गाढ झोपता? मग तुमची झोप मोडलेली नाही, तुमचं आतलं घड्याळ मागे पडलंय. सकाळी सातचा किंवा दुपारचा व्यायाम ते पुढे ओढतो, आणि रात्री सात ते दहामधला आणखी मागे ढकलतो. असं २०१९ च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलंय.

तर आपल्या मित्राने काय करावं? पायांचा दिवस, जड वजनं वगैरे शनिवार-रविवार सकाळी. इतर दिवशी रात्री जायचंच असेल तर हात आखडता, बोलता बोलता करता येईल इतपतच. आणि ते प्री-वर्कआउटचं पेय आधी तपास रे बाबा! त्यात बहुतेकदा कॅफीन असतं, आणि पाच-एक तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं अंगात असतं. साडेनऊला प्यायलेलं अडीचला निम्मं. बिचाऱ्या डंबेलवर उगाच आळ!

आणि हो, व्यायाम हा जोड-उपाय आहे. दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सुचवली ती खास झोपेसाठीची वर्तन-उपचार पद्धत, म्हणजे सीबीटी-आय. गोळ्या त्यानंतर. त्यातला एक भाग आजपासून करता येईल: झोप येत नसेल तर पडून राहू नका, उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर सरळ डॉक्टर गाठा. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

बाकी, घड्याळातला झोपेचा स्कोअर रोज सकाळी बघणं काही आठवडे बंद ठेवा. कॅलेंडरवर चाललात त्या दिवशी फुली मारा, बस. चार महिन्यांनी मला मेसेज करा, किती फुल्या झाल्या ते. पुढच्या भागात दुपारच्या डुलकीबद्दल बोलू.