मसुदा विश्वाचा
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



‘इन्फ्लेशन’ म्हटले की आम्हां सरकारी नोकरांना प्रथम महागाई भत्ता आठवतो! आज मात्र आम्ही बोलणार आहोत ते विश्वाच्या आरंभीच्या फुगवट्याविषयी. सेकंदाच्या कल्पनातीत लहान अंशात विश्व अफाट फुगले, म्हणूनच आकाशाच्या दोन टोकांकडून येणाऱ्या प्रारणाचे तापमान जवळजवळ सारखे आढळते, असे १९८१ साली अ‍ॅलन गुथ यांनी मांडले.

परंतु हा फुगवटा घडविला कशाने? उत्तरासाठी शास्त्रज्ञ सुपरग्रॅव्हिटी आणि स्ट्रिंग सिद्धान्त यांकडे वळले. या सिद्धान्तानुसार मूलकण म्हणजे कंप पावणारे सूक्ष्म तंतू आणि मिती एकूण दहा. त्यांपैकी सहा गुंडाळलेल्या, म्हणून अदृश्य. त्या उलगडू लागल्या तर सारा हिशेब कोसळतो. २००३ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संदीप त्रिवेदी यांनी काचरू, कालोश व लिंडे यांच्यासह त्या स्थिर राखण्याची रीत सुचविली. त्याच वर्षी माल्डासेना व मॅकअ‍ॅलिस्टर यांनाही सोबत घेऊन त्यांनी तीत फुगवटा बसवून पाहिला आणि प्रांजळपणे नोंदविले, की मिती स्थिर करणारी तीच योजना फुगवटा टिकू देत नाही; त्यासाठी फार बारीक जुळणी लागते.

आम्ही केवळ बी. ए.; त्यातील गणित आमच्या आवाक्याबाहेरचे. तथापि मसुदा म्हणजे मंजुरी नव्हे, एवढे नोकरीने शिकविले. एकदा आकडा संशयास्पद आहे हे ठाऊक असूनही आम्ही टिपण तसेच वर जाऊ दिले होते. ती टोचणी अद्याप आहे. म्हणूनच स्वतःच्या मसुद्यातील उणीव स्वतः लिहिणाऱ्यांपुढे आम्ही नतमस्तक होतो.

याच संस्थेत १९७२ ते १९८९ या काळात डॉ. जयंत नारळीकर होते. कोल्हापुरात जन्मलेले आणि आपल्या मुलांप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर, वाराणसीत वाढलेले. महास्फोटाचा सिद्धान्तच त्यांना मान्य नव्हता. १९९१ साली पद्मनाभन यांच्यासह त्यांनी फुगवट्याच्या कल्पनेचीही चिकित्सा केली. २०२५ साली ते निवर्तले; शंका घेण्याचा त्यांचा वसा मात्र उरला आहे. त्याची गरजही दिसली: २०१४ साली दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीतून फुगवट्याची खूण मिळाल्याचे जाहीर झाले, परंतु ती खूण आपल्या आकाशगंगेतील धुळीनेही उमटू शकते, असे पुढे आढळले. निसर्गाची स्वाक्षरी अजून व्हावयाची आहे.

दिल्लीत वाढणारी आपली मुले असे प्रश्न विचारतील, तेव्हा ‘अजून ठाऊक नाही, आपण शोधू’ हे उत्तर आपण त्यांना संकोच न करता, मराठीतून द्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.