आरोग्यशिक्षणाचा हिशेब
(मढ येथील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वस्त्यांत आरोग्य शिकवावयास येणाऱ्यांची उणीव नाही. कोणी चित्रांचे तक्ते आणतो, कोणी गरोदर स्त्रीच्या आहारावर बोलतो, आणि जाताना चार प्रश्न विचारून उत्तरे टिपून घेतो. पुढे अहवाल निघतो व त्यात 'महिलांचे ज्ञान वाढले' असे छापले जाते. आपण विचारावयाचे ते हे की, वाढले कशावरून? आणि त्या ज्ञानाने कोणाचे मूल वाचले काय?

नुकतेच सांगितलेले लगेच विचारले तर उत्तर बरोबर येणारच. ती परीक्षा स्मरणशक्तीची होय, आरोग्याची नव्हे. जेथे शिकविले नाही अशा वस्तीत त्याच काळात काय घडले, हे शेजारी मांडल्यावाचून शिकविण्याचे श्रेय कोणासही घेता येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे केले. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेविली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अहवालाप्रमाणे, त्या ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. तुलनेच्या गावांत ते जवळजवळ तेथेच राहिले. काम मोठे, यात शंका नाही. तथापि गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. शिवाय मातांना शिकविण्याबरोबर घरोघर औषधोपचारही होत होता. त्यामुळे नुसत्या शिकवणुकीचा वाटा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

आता आपल्या मुंबईकडे या. 'स्नेहा' संस्थेच्या प्रयोगात ४८ झोपडपट्टी-वस्त्या घेतल्या. चिठ्ठीच्या न्यायाने २४ वस्त्यांत महिलांचे गट चालविले, २४ वस्त्या तुलनेस ठेविल्या, आणि तीन वर्षांत अठरा हजारांवर जन्मांची नोंद केली. अपेक्षिलेली सुधारणा दिसली नाही. नवजात मृत्यू तर गट चाललेल्या वस्त्यांतच अधिक नोंदले गेले. हे सर्व त्यांनी २०१२ साली उघडपणे छापले. यशाच्या दहा अहवालांहून मला हा एक अहवाल मोलाचा वाटतो. कारण अपयश दडविले की तोच प्रयोग दुसऱ्या गरीब वस्तीवर पुन्हा होतो.

अहवालात काय असावे याचे नियम जगाने केलेले आहेत. १९९६ चा 'कन्सॉर्ट' तुलनेचा हिशेब मागतो. २०१४ चा 'टायडियर' विचारतो की नेमके काय शिकविले, कोणी, कोठे, किती वेळा. तरीही 'जनजागृती केली' एवढ्या दोन शब्दांवर भागविणारे अहवाल निघतात. त्यावरून दुसऱ्याने काय करावे?

जो आला नाही त्याची नोंद तर सर्वांत आधी हवी. मढच्या बंदरावर होड्या लागण्याच्या वेळी सभा बोलाविली तर मासळी निवडणारी, सुकविणारी, बाजारात नेणारी बाई येणार कशी? ती गैरहजर राहिली, आणि अहवालात मात्र 'वस्ती' शिकली! शिकविणाऱ्याची भाषा तिला कळली नाही, तर तो दोष तिच्या अज्ञानावर लिहिला जातो. आपल्या आयाबहिणींच्या माथी हा शब्द फार काळ मारला गेला आहे.

म्हणून सही किंवा अंगठा देण्यापूर्वी विचारा: तुलना कोणाशी? मोजणार काय, उत्तरे की आजार व मृत्यू? ते आधी लिहून ठेविले आहे काय? मध्येच नाही म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे, तोही बजावा. आणि निकाल लागेल तेव्हा, तो अनुकूल असो वा प्रतिकूल, याच वस्तीत येऊन मराठीत वाचून दाखवावा, ही अट त्यांच्याकडून लिहून घ्या.