माळावरचीं देवळें

वाळवंट पाहावयास आपण राजस्थानांत जातों आणि शिल्पें पाहावयास वेरूळास. पण कोरडा, मोकळा माळ व त्यावर उघड्या आभाळाखालीं उभीं असलेलीं शिल्पें एकत्र पाहावयाचीं असतील, तर साक्री तालुक्यांतील बळसाण्यास जावें.

पश्चिमेकडील सह्याद्रि पावसाचे ढग अडवितो. म्हणून बुराई नदीच्या या खोऱ्यांत पाऊस बेताचाच पडतो. उन्हाळ्यांत गवत वाळतें, बाभळींची विरळ सावली तेवढी उरते, आणि काळ्या दगडाचीं देवळें लांबून खडकासारखींच दिसतात. जवळ गेल्यावर मात्र खांबांवरील व द्वारशाखांवरील कोरीव काम उलगडूं लागतें.

लोक यांना हेमाडपंती म्हणतात. परंतु येथील एक शिलालेख शके ११०६ चा, म्हणजे इ. स. ११८४ च्या सुमाराचा आहे. आणि हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला! तेव्हां त्याचें नांव येथें मागाहून चिकटलें, हें उघड आहे.

अशा माळाला आपण ‘पडीक’ म्हणतों. एकदां पडीक म्हटलें, कीं तेथील गवतहि नकोसें होतें आणि कोरलेला दगड कोणीं उचलून नेला तरी चालतो. वास्तविक दगड जागेवरून हालला, कीं त्याचा निम्मा अर्थ नाहींसा होतो. गवत नांगरलें, कीं चंडोलाचें व तितराचें घर मोडतें. म्हणून बळसाण्यास अवश्य जा. सकाळीं लवकर, पाणी बरोबर घेऊन जा. आणि परततांना तेथील एक खडाहि उचलून आणूं नका.