शानेल भगिनी आणि सुई चालविणारे हात

(अभ्यासवर्गात केलेले भाषण)



ज्युडिथ लिटल यांची ‘द शानेल सिस्टर्स’ ही ऐतिहासिक कादंबरी २०२० साली प्रसिद्ध झाली. श्रीमंतांच्या पोशाखांच्या कथेशी आपल्याला काय कर्तव्य, असे काहींना वाटेल. परंतु ही मुळात सुईवर पोट भरावे लागलेल्या पोरक्या मुलींची कथा आहे.

१८९५ मध्ये आई वारली. फेरीवाल्या बापाने ज्युलिया, गॅब्रिएल आणि आंत्वानेत या मुलींना ओबाझीनच्या मठातील अनाथालयात सोडले. शिवण त्या तेथे शिकल्या. पुढे, १९१० साली, गॅब्रिएलने पॅरिसच्या काम्बाँ रस्त्यावर टोप्यांचे दुकान थाटले. भांडवल आर्थर केपेल या धनिक इंग्रज मित्राचे होते. १९१३ साली दोव्हिल, १९१५ साली बिआरित्स येथे तिने व्यवसाय वाढविला. धाकटी आंत्वानेत या उद्योगात तिच्या बरोबरीने राबली. जगाने मात्र एकच नाव लक्षात ठेवले. कादंबरीचे निवेदन या आंत्वानेतकडे सोपवून लेखिकेने तिला न्याय दिला आहे.

परंतु आंत्वानेत तरुणपणीच अर्जेंटिनात मरण पावली. तिची कथा संपते, त्यानंतरचा इतिहास आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जून १९३६ मध्ये फ्रान्सभर संपाची लाट उसळली. शानेलच्या शिवणकामगार स्त्रियांनीही काम थांबविले, आणि मालकिणीलाच तिच्या पेढीत येण्यास मज्जाव केला. त्या महिन्यात फ्रान्सच्या कामगारांनी पगारवाढ, ४० तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा पदरात पाडून घेतली. गॅब्रिएलने प्रथम विरोध केला, अखेर नमते घेतले. १९३९ साली युद्ध सुरू होताच तिने पोशाखांचा व्यवसाय बंद केला व या स्त्रियांचा रोजगार गेला.

हा केवळ एका बाईच्या स्वभावाचा दोष नव्हे. जिने स्वतः गरिबी भोगली, तिलाही मालकी हाती येताच कामगारांच्या मागण्या जाचक वाटू लागल्या. पोरकी मुलगी मालकीण झाली, म्हणून तिच्या हाताखालच्या मुलींचे पोरकेपण संपत नाही. ते संपविण्यास संघटनाच लागते.

म्हणून ही कादंबरी अवश्य वाचा. वाचून झाल्यावर १९३६ चा हा अध्याय मात्र आपल्या शाखेतील शिवणकाम करणाऱ्या भगिनींना आपल्याच तोंडून सांगा.